नऊशे चव्वेचाळीस फूट

त्या शनिवारी सेंट ओडिल रस्त्यावर जे होतं ते असं: दोन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, एक क्लॅरिनेट, तीन सॅक्सोफोन, एक ट्युबा, एक मोठा ढोल, एक छोटा ढोल. एकूण अकरा वादक. एक शवगाडी. पेटी उचलणारे सहा जण. घरची म्हणून मी एकटी. आणि आमच्या मागे दोनशेच्या आसपास माणसं. तारीख ६ नोव्हेंबर १९७६, शहर न्यू ऑर्लिन्स. पेटीत माझे वडील होते, ऑगस्टीन देजार्ले, वय चौसष्ट.

पापा चाळीस वर्षं इतरांच्या अंत्ययात्रांचे म्होरके होते. खांद्यावरून पट्टा, हॅट छातीशी धरलेली, बँडच्या चार पावलं पुढे. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग मागचा पाय जमिनीवरून ओढत पुढे आणायचा. ऑगस्टीनइतकं हळू चालणारा माणूस या शहरात दुसरा नाही, असं लोक म्हणायचे, आणि आमच्याकडे ते कौतुक असतं.

जाताना बँड संथ भजन वाजवतो. छोट्या ढोलाच्या खाली तारा असतात, त्यांत रुमाल खोचलेला असतो, म्हणजे ढोल खणखणत नाही, नुसता दबका बोलतो. दफनभूमीच्या फाटकाशी वादक दोन रांगांत फाकतात आणि मधून मृताला वाट देतात. घरचं कोणीतरी म्हणतं, "मोकळं करा." मग ढोलवाला रुमाल काढतो आणि मग जलद गाणं सुरू होतं, आणि सगळे नाचत घरी येतात. त्याआधी नाही. हे कोणी शिकवत नाही. चुलीवरचं उतू जायला लागलं की आच कमी करावी, हे तरी कोण शिकवतं?

त्या दिवशी बर्फगोळ्याच्या टपरीच्या कोपऱ्यावर, फाटकापासून नऊशे चव्वेचाळीस फूट अलीकडे, पहिल्या ट्रंपेटने जलद गाणं सुरू केलं.

ते ट्रंपेट ओविद त्रेपान्येचं होतं. जानेवारीत आमचं लग्न व्हायचं होतं. समोरच्या सज्ज्याखाली न्यूयॉर्कचा एक माणूस उभा होता, रेकॉर्ड कंपनीसाठी वादक हेरणारा, आणि त्याची गाडी चार वाजता सुटणार होती. ओविदला हे माहीत होतं. मला नव्हतं.

नोंद प्रामाणिक असावी म्हणून लिहिते: तसं वाजवणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी पदार्थविज्ञान शिकलेली बाई आहे, हवेचा स्तंभ कसा थरथरतो हे मला कागदावर मांडता येतं. तरी तो पहिला उंच स्वर आला तेव्हा माझ्या हातांवर काटा आला. आणि त्याच क्षणी मला कळलं की हे पापांसाठी नाही.

ट्रंपेट पुढे गेलं की बँड मागे जातोच. छोटा ढोल वाजवणाऱ्या मिस्टर थिओफिल यांनी ढोलाखालचा रुमाल ओढून काढला. लोक नाचू लागले. शवगाडीवाला गोंधळला आणि गर्दीतून वाट काढत पुढे निघून गेला. फाटकाशी रांगा झाल्या नाहीत. "मोकळं करा" कोणी म्हटलं नाही. मीही नाही, माझं तोंड उघडलंच नाही.

ओविद त्या माणसाबरोबर चारच्या गाडीने गेला.

*

मी शहराच्या पाणी उपशाच्या केंद्रावर काम करते. मापकांवरचे आकडे दर तासाला वहीत उतरवायचे, हे माझं काम. केंद्र दफनभूमीच्या पलीकडे आहे, म्हणून रोज मला टपरीपासून फाटकापर्यंत चालावंच लागतं. डिसेंबरात मला सलग नऊ दिवस उशीर झाला. घरातून मी नेहमीच्याच वेळी निघत होते.

दहाव्या दिवशी मी घड्याळ लावलं. निरोगी माणसाला तेवढं अंतर जायला साडेतीन मिनिटं लागतात. मला अकरा मिनिटं चाळीस सेकंद लागली. मी थकले नव्हते. मला वाटत होतं की मी भराभर चालते आहे.

मग मी टपरीच्या बाकावर बसून इतरांना मोजू लागले. टपालवाला आल्सी कोपऱ्यापर्यंत झपझप यायचा आणि पुढे त्याची पावलं ओढल्यासारखी व्हायची. हायहिल्सवाल्या बायका, सुतार, शेजारच्या चर्चचे पाद्री, सगळे. मिनिटाला चव्वेचाळीस पावलं. एकदा एक कुत्रा मांजराच्या मागे लागला होता. पाठलाग कोपऱ्यानंतरही चालू राहिला, पण हळू. दोघांचीही जीभ बाहेर होती. मांजर फाटकापलीकडे गेल्यावर सुसाट सुटलं.

लोकांना विचारलं तर म्हणायचे, "ऊन काय मरणाचं आहे!" जानेवारीत म्हणायचे, "आज काही घाई नव्हती."

दोन वर्षांत मी एकशे त्रेसष्ट माणसं मोजली. मोटारींना काही होत नव्हतं. फक्त पायी चालणाऱ्यांना.

वही घेऊन मी मिस्टर थिओफिल यांच्याकडे गेले. ते दारात बसून ढोलाचं कातडं ताणत होते. त्यांनी आकडे पाहिलेसुद्धा नाहीत.

"चव्वेचाळीस ना?" ते म्हणाले. "तुझ्या बापाचं पाऊल आहे ते."

"याला पुरावा नाही, अंकल."

"मग ही दोन वर्षं काय भाज्या मोजत होतीस?" त्यांनी दोरी आवळली. "सुरुवात त्या पोराने केली, पण रुमाल माझ्या हाताने निघाला, पोरी. चाळीस वर्षांची सवय. ट्रंपेट हाक मारतं, ढोल जातो. मधे विचारायला वेळ नसतो."

"तुम्ही थांबू शकला असता."

"आणि तू बोलू शकली असतीस." हे त्यांनी मायेनेच म्हटलं. "ऑगस्टीन अजून रस्त्यातच आहे. त्याला कोणी फाटकापर्यंत पोचवलंच नाही. तो कसा जाईल? तो काय विनापरवानगी आत घुसणारा माणूस होता?"

मी घरी आले. कपाटात ओविदची रेकॉर्ड होती. मी ती विकत घेतली होती आणि एकोणीस वेळा ऐकली होती. ती फार सुंदर होती.

*

१९ मार्च १९७९, सोमवार. मी राजमा शिजत घातला होता; आमच्या शहरात सोमवारी घरोघरी राजमाच असतो. जाळीच्या दाराबाहेर ओविद उभा होता. हातात ट्रंपेटची पेटी, दुसरं सामान नाही.

"दोन वर्षं चार महिने," मी म्हणाले.

"आणि दिवस?"

"तेरा."

"वाटलंच होतं. तुझ्याकडे असणारच." तो हसला नाही. "कोरिन, मी माफी मागायला आलोय. ती आधी मागतो, म्हणजे नंतरचं बोलणं माफीसाठी आहे असं वाटणार नाही. मी तुझ्या वडिलांचं मरण वापरलं. मला तेव्हाच माहीत होतं. पहिला स्वर फुंकायच्या आधी माहीत होतं."

"मग फुंकलास कशाला?"

"कारण तो स्वर माझ्याकडे होता, आणि तो माणूस चार वाजता जाणार होता."

मी दाराला कडी होती तशीच राहू दिली. पण हेही लिहायला हवं की त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर 'घाबरलो होतो', 'तरुण होतो', असं काहीतरी म्हणाला असता. ओविद खोटा स्वर वाजवत नाही. त्याचं बोलणंही तसंच आहे.

"नंतरचं काय ते बोल."

तो पायरीवर बसला. "तिकडे माझं बरं चाललंय. हॉल भरतात. लोक टाळ्या वाजवतात, वर्तमानपत्रात लिहितात. पण पाय हलत नाहीत, कोरिन. मी कितीही जलद वाजवलं तरी एकाचाही पाय ठेका धरत नाही. आधी वाटलं, न्यूयॉर्कच्या लोकांचे पायच तसे. मग शिकागोत तेच. पॅरिसमध्ये तेच. दोन हजार माणसं, आणि सगळे पाय जमिनीला चिकटवल्यासारखे. मी आता वाजवताना खालीच बघतो. माझा ढोलवाला म्हणतो, तू वेडा झालायस. पण तोही खालीच बघतो."

मी आत जाऊन वही आणली आणि जाळीतून त्याला पानं दाखवली. त्याने एकशे त्रेसष्ट नोंदी वाचल्या, एकही न गाळता. कुत्र्याच्या नोंदीपाशी थांबला.

"मांजराचं काय झालं?"

"सुटलं."

"बरं झालं." त्याने वही मिटली. "मला एकदा परत चालू दे. टपरीपासून फाटकापर्यंत. एकट्याने, संथ."

"हे पापांसाठी, की तुझ्या प्रेक्षकांच्या पायांसाठी?"

"दोन्हींसाठी. फक्त त्यांच्यासाठी असं म्हटलं तर तू मला दशांशात पकडशील."

"आणि माझ्यासाठी?"

"ते मागायचा हक्क मला नाही. ते तू फाटकाशी ठरव."

मला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या आणि त्या वेगळ्या करता येत नव्हत्या: पापा सुटतील का, आणि मी हे दार पुन्हा उघडेन का. मी अट घातली. बुधवारी दुपारी तीन वाजता. बँड नाही, कोणाला सांगायचं नाही. "आणि एका जागी जरी घाई केलीस, तर फाटकापासून मी उजवीकडे जाईन, तू डावीकडे. पुन्हा भेटायचं नाही."

"मान्य."

"जेवलास?"

"नाही."

मी भात आणि राजम्याची बशी बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. कडी पुन्हा लावली.

*

बुधवारी दुपारी अडीचला मी मिस अर्सूल यांच्या ओट्यावर गेले. त्यांचं घर फाटकापासून दोनशे दहा फुटांवर. त्या मांडीवर परात घेऊन भेंडी चिरत होत्या. मी माझा कॅसेट रेकॉर्डर कठड्यावर ठेवला. मला ओविदची लय तपासायची होती. कानावर माझा भरवसा नव्हता, विशेषतः त्याच्या बाबतीत.

"हे काय गं?"

"मोजमाप आहे, मिस अर्सूल."

"तुझं लग्न झालं असतं तर एव्हाना पोरं मोजत असतीस," त्या म्हणाल्या आणि भेंडीचं डेख माझ्या बुटाशी टाकलं. मी बटण दाबलं. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. वेळ दोन अठ्ठेचाळीस.

टपरीसमोर अकरा माणसं रांगेत होती. ओविद काळ्या कोटात उभा होता. मी त्याच्या मागे, दोन हात अंतरावर. घरच्यांनी मागे वळून पाहायचं नाही हा पापांचा नियम होता, आणि म्हणून निघण्याआधी मी एकदा पाहून घेतलं. मागे रस्ता रिकामा होता.

त्याने ट्रंपेट उचललं.

संथ वाजवणं सोपं, असं न वाजवणाऱ्यांना वाटतं. जलद गाण्यात श्वास चोरता येतो, चूक पुढच्या स्वरात लपवता येते. संथ भजनात स्वर उघडा पडतो, आणि तो संपेपर्यंत वादकाला त्याच्याबरोबर उभं राहावं लागतं. ओविदचा पहिला स्वर बावीस सेकंद टिकला आणि त्याची कड कुठेही हलली नाही. न्यूयॉर्कने त्याला बिघडवलं नव्हतं. तो तेव्हा चांगला होता. आता तो मोठा झाला होता.

एक पाऊल. थांबणं. ओढलेला पाय.

"अरे, हा तो रेडिओवरचा!" रांगेतला एकजण ओरडला. "ओविद! ओ राजा! कोणाला पुरायला निघालास?"

"काहीतरी गरमागरम होऊन जाऊ दे की!" दुसरा म्हणाला. कोणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, जलद. चार जणांनी त्यात हात मिसळले.

नेमकी हीच जागा होती. मला ओविदची मान मागून दिसत होती. मानेवरची शीर ताठ झाली. त्याचे खांदे थोडे वर आले, त्या दिवशी आले होते तसेच.

मग ते खाली आले. त्याने दुसरा स्वर पहिल्यापेक्षाही हळू घेतला.

टाळ्या विस्कटल्या. रांग सोडून कोणी आलं नाही. कोणाला बर्फगोळा सोडवला नसावा. आम्ही दोघं पुढे गेलो.

दुसऱ्या गल्लीपर्यंत त्याच्या कॉलरचा मागचा भाग भिजला होता. तिसऱ्या गल्लीत हवा जड झाली. मी तापमान पाहिलं होतं, एक्क्याऐंशी अंश फॅरनहाइट, तीन दिवस तेवढंच होतं. तरी पाठीला ऊब लागत होती. बंद खोलीत बरीच माणसं बसली की लागते तशी.

मी मागे पाहिलं नाही.

मिस अर्सूल यांच्या ओट्यासमोरून गेलो. त्या परात बाजूला ठेवून उभ्या होत्या, हात पोटाशी बांधून.

ट्रंपेटच्या तोंडाशी रक्त दिसलं. त्याचा ओठ फुटला होता. त्याने श्वास घेतला, ओठ आत ओढला, आणि तोच स्वर पुन्हा तिथून उचलला जिथे सोडला होता.

फाटक.

ओविदने ट्रंपेट खाली केलं. दोन माणसांच्या दोन रांगा कशा करायच्या, हे आम्ही ठरवलं नव्हतं. तो डाव्या खांबाशी गेला. मी उजव्या खांबाशी गेले. मधे सहा फूट जागा राहिली.

मला बोलायचं होतं. तोंड पुन्हा उघडेना. ओविद माझ्याकडे पाहत नव्हता. तो त्या मधल्या जागेकडे पाहत होता, हॅट छातीशी धरून.

"मोकळं करा," मी म्हणाले.

काही झालं नाही. पान हललं नाही.

"झालं?" ओविदने हळूच विचारलं.

"माहीत नाही."

"मग थांबू."

एवढंच तो म्हणाला. चारच्या गाडीसाठी ज्याला तीन गल्ल्या धीर धरवला नव्हता, तो माणूस ओठातलं रक्त गिळत उन्हात उभा राहिला, आणि त्याने ना घड्याळ पाहिलं ना मला. माझं घड्याळ माझ्या मुठीत होतं. मी ते चालू केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी चाललं होतं आणि मी ते मोजत नव्हते. माझ्या स्कर्टची कड एकाच बाजूला, फाटकाच्या आतल्या बाजूला, सरकत राहिली. वारा नव्हता.

कधीतरी ती थांबली.

कोपऱ्यावरून आल्सी टपालवाला आला. तो झपझप आला, नऊशे चव्वेचाळीस फूट, पिशवी मांडीवर आपटत.

"काय रे, फाटकाला राखणदार बसवलेत की काय?" तो म्हणाला आणि आमच्या मधून न जाता बाजूने गेला.

मी ओविदकडे पाहिलं. "वाजव."

"तू सांगितल्यावरच."

"सांगितलं ना. वाजव."

त्याने फुटक्या ओठाने जलद गाणं वाजवलं, एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. अर्ध्यात मला कळलं की माझी टाच आपटते आहे. तो खाली बघत होता. त्याने माझी टाच पाहिली आणि त्याचा पुढचा स्वर चुकला. मी ऐकलेली त्याची ती एकमेव चूक.

तो उजवीकडे वळला, माझ्याबरोबर.

*

परतताना मी ओट्यावरून रेकॉर्डर घेतला. मिस अर्सूल तेव्हा कुठे खुर्चीत टेकत होत्या, गुडघे चोळत.

"इतका वेळ उभ्या कशाला राहिलात?" मी विचारलं. "आम्ही तर केव्हाच पुढे गेलो होतो."

"हो, तुम्ही गेलात," त्या म्हणाल्या. "पण म्हणून मधेच कशी बसू?"

त्यांनी परात ओढून घेतली आणि भेंडी चिरू लागल्या.

घरी मी जाळीची कडी काढली. ओविद आत आला, त्याने मोरीत तोंड धुतलं आणि कांदा कुठे आहे ते विचारलं. तो कांदा चिरत असताना मी जेवणाच्या टेबलाशी बसून कॅसेट लावली, कानाला इयरफोन, हातात स्टॉपवॉच. लय अचूक होती: मिनिटाला चव्वेचाळीस, कुठेही फरक नाही. ट्रंपेट जवळ आलं, मोठं झालं, ओट्यासमोरून गेलं. त्याच्या बुटांचा आवाज ओळखू आला. मागोमाग माझ्या बुटांचा. मी स्टॉपवॉच सुरू केलं.

ट्रंपेट दूर गेलं. पावलं चालूच होती.

सगळी एका लयीत पडत होती, म्हणून ती किती जणांची होती ते सांगता येत नाही. लेदरचे तळवे होते, काठ्या होत्या, काही अनवाणी असावेत. कोणी बोलत नव्हतं. शेवटी ती विरळ झाली. मग एकच जोडी उरली: एक पाऊल, थांबणं, ओढलेला पाय.

"मीठ कुठे ठेवतेस हल्ली?" ओविदने विचारलं.

मी त्याला वरचं फडताळ दाखवलं आणि वहीत नोंद केली. २१ मार्च १९७९. माझं पाऊल ओट्यासमोरून गेल्यापासून शेवटचं पाऊल जाईपर्यंत: नऊ मिनिटं, चौदा सेकंद.